दिवाणजी परत येणार नाहीत

आई, आज देवाजवळ दिवा लावला आणि माणिकपूरला जाऊन संपादकबाईंना सांगून आलो की पुस्तकाचा शेवट बदलणार नाही. तू चुलीपुढे भाकऱ्या थापताना रचलेलं राज्य आता पुस्तकांत आहे, हे तुला कुठून ठाऊक असणार? आपल्या होळी गावच्या वाडीत केळींना पाणी द्यायचं ते बावखलाचं तळं, त्याच्या तळाशी बावळट मासा राजा आणि सगळा कारभार म्हाताऱ्या बेडूक दिवाणजींच्या डोक्यावर. मी ते मोठ्यांसाठी लिहीत आलो, लोक हसत वाचत आले. दिवाणजी दर पुस्तकात मरतात आणि यमदूतांशी हुज्जत घालून परत येतात. यंदा पहिल्यांदा मुलांसाठी लिहिलं, आणि त्यात ते मरतात ते मरतातच. बाई म्हणाल्या, "सर, मोठ्यांसाठी परत आणता आणि पोरांच्याच पुस्तकात कायमचं मारता? उलटंच की हे." परत आणले नाहीत तर पुस्तक निघणार नाही, हेही त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

त्यांना ती दुपार कशी सांगू? मी चौथीत आहे. तुझी खाट स्वयंपाकघरात ओढून घेतलीय. मी भाकरी थापतोय आणि तू पडल्यापडल्या हसतेस, "भाकरी आहे की बावखलाचा काठ?" मग गोष्ट सुरू होते. दिवाणजी कमळाच्या पानावर झोपतात आणि उठत नाहीत. मी यमदूतांची वाट बघतो. तू म्हणतेस, आज कुणी येणार नाही. मी रुसतो, भाकरी ढकलून देतो. तेव्हा तू दटावतेस, "रुसू नको. दिवाणजी गेले. उद्या राजाला न्याहारी कोण देणार, ते तू सांग." रडत रडत मी सांगितलं. माझी पहिली गोष्ट ती.

थोड्याच दिवसांनी तू गेलीस. आई देवाला भेटायला गेलीय, येईल, असं सगळे धाकटीला समजावत होते. मला ठाऊक होतं, तू येणार नाहीस. मी उठलो आणि तिला न्याहारी दिली.

म्हणून बाईंना म्हटलं, हस्तलिखित परत द्या. आता देवळाच्या ओट्यावर मुलांना बसवून मीच वाचून दाखवीन.

हा कागद देव्हाऱ्याखालीच राहील, म्हणून एक कबूल करतो. मोठ्यांच्या पुस्तकांत दिवाणजींना दरवेळी परत आणलं, ते वाचकांसाठी नव्हतं.