चारही बाजूंनी पक्की गोधडी

३ मार्च
पुढील महिन्यात नातीस बाळ व्हावयाचे आहे. बाळ घरी येईल तेव्हा त्याच्या अंगावर माझ्या हातची गोधडी असेल, असे आज सर्वांसमक्ष जाहीर केले. सौभाग्यवतीस हसू आवरेना. अहो, सदऱ्याचे बटण लावता येत नाही तुम्हाला, म्हणे. बटण किरकोळ आहे. गोदामात उभी हयात धान्याच्या पोत्यांची तोंडे शिवली. कधी दाणा सांडला नाही. शिक्षण चौथीपर्यंत झाले, परंतु टाका शाळेत शिकवीत नाहीत.

५ मार्च
सौभाग्यवती स्वतःचे पायमशीन वापरावयास देते म्हणाली. उपकार नकोत. स्वतंत्र यंत्र घेणार.

७ मार्च
दुकानदाराने प्लॅस्टिकचे एक मॉडेल दाखविले. नवशिक्यांसाठी बेस्ट, म्हणाला. मी नवशिका नाही, असे त्यास बजावले. यंत्र एका हाताने उचलले गेले. जे म्हाताऱ्यास उचलवते, ते गोधडीस काय आवरणार? नामंजूर.

११ मार्च
दुसरे दुकान. तेथील शिकविणारी बाई म्हणाली, काका, गोधडीला सरळ टाका पुरतो. फक्त सुईशेजारी जागा ऐसपैस बघा, गुंडाळी तिथून सरकायला हवी. सल्ला मागितला नव्हता. शेजारच्या यंत्रात साठ प्रकारचे टाके होते. बदकांची रांगसुद्धा निघते. तेच घेतले. उचलावयास दोन माणसे लागली. समाधान वाटले.
शिकायला या काका, फुकट आहे, असे ती म्हणाली. नम्रपणे नकार दिला.

१४ मार्च
दोरा ओवला जात नाही. यंत्रात दोष असावा.
सायंकाळी सौभाग्यवतीने ओवला. दोष आपोआप गेला.

२० मार्च
बदकांऐवजी गाठी निघतात. तसेही बदकांस बाळ घाबरले असते. सरळ टाकाच योग्य, असा निर्णय स्वतंत्रपणे घेतला.

२ एप्रिल
पद्धत अशी: दोन कापडांच्या रंगीत बाजू समोरासमोर, वर कापसाचा थर; कडेने शिवावे, मग आतली बाजू बाहेर काढावी. आज चारही बाजू शिवल्या. दुहेरी.
उलटवायला फट सोडलीत ना, असे सौभाग्यवतीने विचारले. फट? मी जन्मात कधी फट सोडलेली नाही, असे ठणकावले. तिला ठसका लागला. पदर तोंडाशी होता.

३ एप्रिल
गोधडी उलटत नाही. रंग आत, कापूस बाहेर. सौभाग्यवती म्हणते, कातरायला आणलेली मेंढी वाटतेय. कापूस उपटून टाकला. उन्हाळ्यास हलकीच गोधडी बरी.

९ एप्रिल
मुलगा झाला. आनंद. उद्या घरी येणार.
सौभाग्यवती दोन दिवस माझ्या यंत्रावर बसली आहे. यंत्र तपासत असावी. तत्पूर्वी माझ्या गोधडीची एक बाजू तिने उसवली व उलटवली. रंग उत्तम आहेत.

१० एप्रिल
बाळ आले. अंगावर सौभाग्यवतीची गोधडी. परंतु यंत्र माझ्या निवडीचे, हे सर्वांस सांगितले.
नातीने माझी गोधडी उचलली, आत हात घातला आणि म्हणाली, अय्या आजोबा, पिशवी शिवलीत? लंगोटांना हवीच होती! होय, पिशवीच, असे मी म्हणालो. सौभाग्यवतीने लगेच पिशवीला टांगायला नाडी लावली.
पिशवी पाळण्याशेजारी टांगली आहे. दिवसभर लक्ष ठेवले. अद्याप एकही लंगोट सांडलेला नाही.