बाबांचा ब्रेक आणि माझं इंग्रजी

३ जून, मंगळवार
झालं! पुढच्या बुधवारी परदेशी क्लायंटसमोर मुलाखत. जमली तर अख्खं प्रोजेक्ट माझ्याकडे, नाही जमली तर पोपटाकडे. पोपट म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा. प्रोग्रॅम मी लिहायचा, इंग्रजीत कौतुक त्यानं सांगायचं!

साहेब म्हणाले, "पहिला प्रश्न ठरलेला — प्रोग्रॅमर कशा झालात? सराव करा. आरशासमोर नको, जिवंत माणसासमोर."

घरात सध्या जिवंत माणूस एकच. आई धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेलीय. उरले बाबा. आली का पंचाईत!

४ जून
उत्तर लिहून पाठ केलं. आय वॉज इंटरेस्टेड इन कॉम्प्युटर्स सिन्स चाइल्डहूड. धादांत खोटं. लहानपणी मला फक्त झोपण्यात रस होता. पुढचं वाक्य — माय फादर ऑल्वेज सपोर्टेड मी. हे तर त्याच्याही वर!

बाबांनी त्यांच्याकडे गाडी शिकलेल्या एका अधिकाऱ्याला गळ घालून मला पाणीखात्यात चिकटवलं होतं. कायमची नोकरी. तक्रारींच्या खिडकीवर बसून बसून मला वीट आला. राजीनामा दिला आणि प्रोग्रॅमिंगच्या क्लासला जाऊन बसले. बाबांनी बोलणंच टाकलं. ताटासमोर बसून आईला सांगायचे, "तिला म्हणावं, मीठ दे." आणि आईही मला सांगायची! पुढे कधीतरी बोलायला लागले. पण माझ्या कामाचा विषय या घरात अजून निघालेला नाही.

बरं तर बरं, बाबांना इंग्रजी येत नाही.

५ जून
बाबांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. शिकाऊ स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, आणि त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक. गाडी गेली, सवय राहिली. मी अडखळले की त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो! पहिल्याच वाक्यात धाड, धाड. शेवटी चपला काढायला लावल्या.

"कळलं का काही?" मी विचारलं.

"कळायचंय काय त्यात? गाडी निघायच्या आधीच बंद पडते. आणि ते 'बिकॉज' आलं की सुसाट सुटतेस. वळणावर वेग कमी करतात."

७ जून
मधेच कुरिअरवाला आला. सही केली, आणि पुन्हा पहिल्यापासून — आय वॉज इंटरेस्टेड... मधून सुरूच करता येत नाही मला! ओळीनं पाठ केल्याचा परिणाम.

बाबा म्हणाले, "सिग्नल लागला म्हणून कुणी घरी जाऊन परत निघतं का?"

कुरिअरवाला दारातच हसत उभा. मग त्यालाही अख्खं ऐकवलं. म्हणाला, "छान आहे. पेन तेवढं परत द्या."

८ जून
आज सलग म्हटलं! पाय हलला तो एकाच जागी — 'माय फादर'ला. काल-परवाही तिथेच. खरं तर तिथे मी मुळीच अडखळत नाही.

विचारलं, "इथे का?"

"तिथे तुझे हात स्टिअरिंगवर नसतात," म्हणाले, आणि पेपर उघडला. 'फादर' एवढं इंग्रजी त्यांनाही कळत असणार!

१० जून
उद्या. जेवण गेलं नाही. पोपटानं 'ऑल द बेस्ट' म्हटलं. दात दिसले त्याचे.

११ जून
मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर. बाबा हट्टानं खोलीत बसले. "शिकाऊला एकटं सोडत नाहीत." मी चाळिशीला आले तरी! कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात खुर्ची लावून दिली.

पडद्यावर एक बाई. मी जेमतेम 'चाइल्डहूड'पर्यंत पोचले, तोच त्यांनी विचारलं — तुमचे वडील काय करायचे? संपलं! पाठ केलेलं सगळं साफ पुसलं गेलं. बाबांकडे पाहिलं, तर ते दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसलेले.

मग तोंडाला येईल ते बोलले. ही टॉट ड्रायव्हिंग. ही गॉट मी गुड जॉब. आय लेफ्ट. ही स्टॉप्ड टॉकिंग. आय वॉज सॅड, बट आय डिड नॉट गो बॅक. सगळं मोडकंतोडकं, पण माझं. बाई शांतपणे ऐकत होत्या. नंतर बराच वेळ कामाचं विचारलं. ते काय, येतंच.

पडदा बंद झाल्यावर बाबा म्हणाले, "आज रस्ता बदललास."

"हो."

"कुठून गेलीस?"

आता हे मराठीत सांगायचं! इंग्रजी परवडलं. सांगितलं सगळं, खाली बघत. बाबा पिशवी घेऊन भाजी आणायला निघून गेले. भाजी घरात होती.

१२ जून
निवड झाली!! बाबांना सांगितलं. "बरं," म्हणाले. आत गेले. परत आले ते खुर्ची घेऊन, आणि ती माझ्या कॉम्प्युटरशेजारी लावली.

"हं, आता दाखव. दिवसभर करतेस काय तू?"