बिनघराची फळी

४ ऑक्टोबर
सुटलो एकदाचा. कासाब्लांकाच्या विमा कचेरीत लोकांच्या फुटलेल्या नळांच्या आणि चेपलेल्या गाड्यांच्या अर्जांवर शिक्के मारता मारता मीच त्या खुर्चीचा एक पाय होऊन बसलो होतो. आज फेस शहराच्या जुन्या भागात, माझ्या आजोळच्या गल्लीत, पावाची भट्टी ताब्यात घेतली. ती चालवणारे बा थामी गुडघ्यांपुढे हरलेत. समोरच्या घरात बसून माझ्यावर नजर ठेवणार म्हणाले. बायको नईमा आणि लेक सफा मागाहून येतील. तोवर घर लावायचं.

६ ऑक्टोबर
सकाळपासून बायका कणकेचे गोळे मांडलेल्या फळ्या आणून ठेवतात. घरात जेवढी माणसं तेवढे मोठे पाव, शिवाय एक छोटा, तो भट्टीवाल्याचा मोबदला. प्रत्येक घराची खूण निराळी, कुणाची काट्याची टोचणी, कुणाचा बोटांचा ठसा. फळी पाहिली की कळतं, कुणाचं बाळ जेवायला लागलं, कुणाची म्हातारी गेली. नईमा आली की आमच्या पावावर घराच्या किल्लीचा ठसा उमटवायचा, असं ठरवून टाकलंय. किल्ली खिशातच असते. पाठ मोडून आली आहे, पण कचेरीत ती नुसती बसून मोडायची.

९ ऑक्टोबर
एक फळी कुणाचीच नाही. कोपऱ्यात असते, आणताना कुणी दिसत नाही. चार मोठे पाव, एक छोटा, खूण काहीच नाही. बा थामींना विचारलं. म्हणाले, आलेलं पीठ परत धाडायचं नाही, भाजून दारापाशी ठेवायचं, जाते ती फळी आपोआप. मग माझं मनगट धरून म्हणाले,
"तिचा मोबदला मात्र घेऊ नकोस, पोरा. खाल्लास तर त्या घरातला धरला जाशील."
मी हसलो. म्हाताऱ्यांचं काहीतरीच.

१५ ऑक्टोबर
फार थकलोय. लाकूड ओलं, डोळ्यांत धूर, हात सुजलेले. दुपारी उभ्या उभ्या डुलकी लागत होती. कचेरीतला हात आपोआप चालतो तसा चालत होता, आली फळी, उचल मोबदला, पुढची घे. एक छोटा पाव खाऊन झाला आणि मग पाहिलं, कुठल्या फळीवरचा ते. चव चांगली होती. त्यात एवढं काय आहे.

१६ ऑक्टोबर
त्या फळीवर आज पाच मोठे पाव. पाचव्यावर किल्लीचा ठसा. मी खिशातली किल्ली काढली. तिच्या दात्यांत ओलं पीठ होतं. मला भीती वाटतेय.

१८ ऑक्टोबर
बस पकडायला निघालो. गल्ली उतरलो, वळलो, समोर भट्टी. पुन्हा निघालो — भट्टी. बा थामींनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाले, आता त्या घरी तुझं ताट मांडलंय, ते उचलता येत नाही. रडत होते बहुतेक.

१९ ऑक्टोबर
नईमाला फोन केला. येऊ नका म्हटलं. का, ते सांगता येईना.
"कचेरीतून पळालास, आता आमच्यापासूनही पळ," ती म्हणाली. "आम्ही येतोय. दारात उभा राहा."
इथलं काही खाऊ नका, एवढं तरी सांगायचं होतं. तिने फोन ठेवला होता. नंतर उचललाच नाही.

२१ ऑक्टोबर
झोप नाही. पाय उचलत नाहीत, तरी भाजतोय. कचेरी बरी होती. तिथून संध्याकाळी घरी तरी —

२२ ऑक्टोबर
आल्या. मी भट्टीत पाव सारत होतो, पाठ दाराकडे. हाक आली, वळलो. सफा दारापाशी, भाजून ठेवलेल्या त्या फळीजवळ. प्रवासात उपाशी होती, नईमा म्हणाली, छोटा पाव गरम दिसला म्हणून दिला. मी पोरीच्या तोंडात बोट घातलं — गिळला होता. अजून हवा म्हणते.

थोड्या वेळाने
नईमाला सगळं सांगितलं. वेडा झालास म्हणाली. सफाला कडेवर घेऊन गल्ली उतरली — समोरून परत आली. पुन्हा गेली. पुन्हा —
फळी पुन्हा आलीय, भाजून काढली. सहा मोठे. सहाव्यावरही किल्ली.
नईमाला म्हटलं, तू तरी जा, तुला अजून जाता येईल, एकटीला. तिने सफाकडे पाहिलं. मग हात पुढे करून फळीवरचा तो छोटा पाव तोंडात —