सोनीबाईच्या हातातली पाटी

मी, रामधन गोबरू आडे, वय चौऱ्याहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार पांढरकवडा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दाब नाही. राग आहे, पण रागात लिहिलेलंही चालतं, असं वकिलांनी सांगितलं. याआधीच्या मृत्युपत्रात सगळं मुलगा अमर याच्या नावे होतं. ते रद्द.

एक. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगी निकिता हिला. आईचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं. घराला हवा तो रंग द्यावा, मागच्या भिंतीला मात्र हात लावू नये.

दोन. बसस्टँडसमोरचे फोटोवाले किसनराव बोबडे यांना माझ्या वहीतली लेन्स क्रमांक १ परत करावी. त्र्याण्णव साली "कोरी आहे रामधनभाऊ, आईची शपथ" म्हणत त्यांनी ती माझ्या गळ्यात मारली. आत बुरशीचं जाळं! पाटणबोरीच्या एका लग्नाचे सगळे फोटो धुकट आले आणि नवरीच्या बापाने चारचौघांत माझी गचांडी धरली. लेन्स त्यांच्या नातवंडांसमोर द्यावी, आणि का देतो आहोत ते मोठ्याने सांगावं.

तीन. त्या दिवसापासून मी कोणाच्या शब्दावर लेन्स घेतली नाही. जुन्या लेन्सची खरी माहिती मिळतच नव्हती. कंपन्या बुडालेल्या, माहितीपत्रकं रद्दीत गेलेली, आणि इंटरनेटवर आजही जो तो आपल्याच लेन्सची आरती ओवाळतो. म्हणून मी स्वतः तपासायला लागलो. मागच्या भिंतीवर बारीक अक्षरांच्या लिलावाच्या जाहिराती चिकटवायच्या, मधोमध एक आणि कोपऱ्यांत चार. सोळा फुटांवर तिपाई. दुपारी बाराचं ऊन. प्रत्येक अॅपर्चरला, म्हणजे लेन्सचं आतलं छिद्र लहानमोठं करून, एकेक फोटो, लेन्समागे पाचेक. मग निगेटिव्ह भिंगाखाली धरून अक्षरं कुठे वाचता येतात, कुठे पसरतात, ते पाहून वहीत दहापैकी गुण लिहायचे. अशा तीनशे अठरा लेन्सा झाल्या. आजही हैदराबाद-नागपूरहून लोक फोन करतात, अमुक लेन्सचे कोपरे कसे आहेत म्हणून.

लेन्सचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहिलेली पाटी धरून डाव्या खालच्या कोपऱ्यात माझी बायको सोनीबाई बसायची.

"लय ऊन लागून राह्यलं. एखाद्या वेळी मले मधात बसवा न, तोंड तरी साफ येईन," ती म्हणायची.

"मधात अक्षरं आहेत. हलू नको," मी म्हणायचो.

जुन्या लेन्सचा कोपरा साफ येत नाही, हे माझ्याइतकं या तालुक्यात कोणाला ठाऊक नव्हतं. तरी तिला तिथेच बसवलं. घरच्यांचा फोटो काय, केव्हाही काढता येईल, असं म्हणत राहिलो. ती गेली तेव्हा हार घालायला फोटो सापडेना. निकिताच्या मोबाइलमध्ये होते ते दवाखान्यातले, नळ्या लावलेले. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला. फोटोग्राफरच्या बायकोला! लोक काय बोलले ते मी ऐकलं आहे.

चार. अमर. तोही नागपुरात लग्नाचे फोटो काढतो. आई दवाखान्यात दर तासाला "अमर आला का?" विचारत होती आणि हा फोनवर म्हणत होता, "सीझन आहे न बाबा, कसा येऊ?" आला तो मातीच्या तिसऱ्या दिवशी. तेरवी व्हायच्या आत मला विचारतो, "त्या वह्यांचं काय करून राह्यले? एक वेबसाइटवाला घ्यायले तयार आहे."

म्हणून वह्या अमरलाच देतो. घे बाप्पा. मात्र या दिवाळीत मी त्या नव्याने उतरवल्या आणि उतरवताना अकरा लेन्सांचे गुण मुद्दाम खोटे लिहिले. जुन्या वह्या चुलीत घातल्या. कोणत्या अकरा, ते निकितालाही ठाऊक नाही. तशाच विकशील तर लोक तुझं थोबाड रंगवतील.

खरे गुण फक्त निगेटिव्हमध्ये आहेत. त्या निकिताकडे राहतील, घराबाहेर जाणार नाहीत. तिच्यासमोर, माझ्या स्टुलावर बसून, माझ्या भिंगातून एकेक पाहावी लागेल. लेन्सचा नंबर पाटीवर आहे, म्हणजे प्रत्येक वेळी आधी तुझी याडी, तुझी आई दिसेल. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, तोंड काळं, केस पांढरे, नाकडोळे पसरलेले. दवाखान्यात एकदा पाहायला आला नाहीस. आता दीड हजारदा पाहा.

पाच. मी सगळ्या पाहिल्या. एकाही निगेटिव्हमध्ये ती साफ नाही.

सहा. माझ्या फोटोबद्दल. मागच्या महिन्यात मी तीच बुरशीची लेन्स क्रमांक १ लावून निकिताकडून एक फोटो काढून घेतला. त्यात मी डाव्या खालच्या कोपऱ्यात पाटी धरून बसलो आहे. तोंड ओळखू येत नाही. निकिता रडत होती, म्हणत होती, "बाबा, थोडं मधात सरका." मी सरकलो नाही. हार त्यालाच घालावा. माझे बाकीचे सगळे फोटो मी जाळले आहेत. आधार कार्ड तेवढं राहिलं, ते चितेवर माझ्यासोबत ठेवावं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी निकिताने करावी. वाचून पाहिलं, बरोबर आहे, सही करतो.

(सही) रामधन गोबरू आडे

आमच्यासमोर सही केली:
१. (सही) साधना वामनराव ठमके, निवृत्त शिक्षिका, शेजारीण
२. (सही) गोविंदा लक्ष्मण मेश्राम, शिंपी

स्थळ: पांढरकवडा
दिनांक: १७ डिसेंबर २०२४