संपलेल्या चिठ्ठ्या

प्रिय अमरदीप,

लेकरा, जय भीम. तू रागानं घर सोडलंस त्याला किती वर्षं झाली, हे मोजायचं मी सोडून दिलंय. पण नव्या तलावाचं पाणी वस्तीकडं सरकतंय, तुला कळवायला पाहिजे.

वस्ती कुठं न्यायची यासाठी मताच्या चिठ्ठ्या टाकल्या. जागा तीन: बांध घालून इथंच, मागचं टेकाड, नाहीतर लांब येडशी रस्त्याचा माळ. शेजारची श्रावस्ती म्हणाली, "काकू, पसंतीनं एक, दोन, तीन आकडे टाका. पहिली जागा मागं पडली की तुमची चिठ्ठी दुसरीला जाते." मला वाटलं, दोनचा आकडा टाकला की एकचा जोर जातो, वरणात पाणी ओतल्यावानी. 'इथंच'पुढं एक टाकला, बाकी कोरं. माझं बघून गल्लीतल्या म्हाताऱ्यांनीही तसंच केलं.

मोजणीत 'इथंच' सगळ्यात मागं. श्रावस्तीनं आमच्या चिठ्ठ्या उलटून पालटून बघितल्या अन् बाजूच्या ताटात ठेवल्या. "या संपल्या काकू, पुढं दोनचा आकडाच न्हाय. आता कुणाच्याच न्हायत." श्रीपतीभावजी हसले, "केशरवहिनी, माणसं जित्ती अन् मतं मेली!" माळ थोडक्यात जिंकला. आमचा दोनचा आकडा टेकाडाला असता, तर टेकाड जिंकलं असतं अन् जुन्या दारातून तुला नवी घरं दिसली असती. माळ तिथनं दिसत न्हाय.

सगळे गेले, तरी मी रोज दुपारी इथं येते. रिकाम्या गल्लीत माझ्यामागं पावलं वाजतात. मी थांबले की जरा उशिरानं थांबतात. तुझ्यासाठी ओट्यावर तांब्या भरून ठेवते. दुसऱ्या दिवशी तो रिकामा, पुसून पालथा घातलेला. तू तर पाणी पिऊन तांब्या कधीच पालथा घातला नाहीस, त्यापायी माझी बोलणी खायचास. अन् काल उंबऱ्यावर ओली पावलं होती. आत गेलेली. बाहेर आलेली एकही न्हाय.

मी आत डोकावले न्हाय. लई वाटलं, पण हात कडीवरच राहिला.

उद्या पाणी ओट्याला लागेल, मग मला येता यायचं न्हाय. म्हणून हे पत्र लिहून कडीला बांधतेय. आत तू असशील तर येडशी रस्त्यानं माळावर ये, कडेचं निळं दार आपलं. अन् दुसरं कुणी असेल, तर बाबा, एवढे दिवस तुला पाणी पाजलंय मी. पाणी चढलं तरी हे पत्र वर धरून ठेव. माझं लेकरू आलं की त्याच्या हातात दे.

तुझीच, माळावर वाट बघणारी,
आई