लेण्यातल्या दोन ओळी

मंगळवार, ११ मार्च, सकाळी

प्रिय ताई,

नमस्कार-चमत्कार गृहीत धर. आई बरी आहे. बाबा अजून माझ्याशी भिंतीकडे बघून बोलतात. रविवारी सकाळी सव्वाआठला माझं सगळं बदललं, पण ते नंतर.

आधी बाकीचं. कॉलेज सोडल्यापासून मी वेल्डिंगच्या दुकानात आहे, हे तुला माहीतच आहे. सुट्टीला मात्र जवळचे डोंगर पालथे घालतो. आपल्या टेकडीमागे धबधबा आहे, त्याच्या वरच्या कड्यात जुनं लेणं आहे. इथेच वाढलो आणि कधी फिरकलो नाही आपण! मला ते दाखवलं तिने. ती म्हणजे ती. हसू नकोस. ती शिलालेखांचा अभ्यास करते. ओला कागद दगडावर चापून बसवायचा, ब्रशने ठोकायचा, वरून शाई फिरवायची, की अक्षरं कागदावर उठतात. मी बादली धरतो. बादली धरण्यात माणसाने किती सुख मानावं, याला काही मर्यादा?

लेण्यातल्या शिलालेखाच्या शेवटच्या दोन ओळी शेवाळाखाली होत्या. "या दोन मिळाल्या ना, तर लेणं कोणी खोदवलं ते कळेल," असं ती सारखी म्हणायची. त्या ओळी आता नाहीत. रविवारी कोणीतरी घासून टाकल्या. काल पुरातत्त्व खात्याचे साहेब तपासणीला आले. लेण्याच्या पहारेकऱ्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांना जाब विचारला, तर म्हणाले, "डोळा लागला असेल, साहेब." तिथल्या तिथे कामावरून काढलं. ती पायरीवर बसून रडत होती. मीही मामांवर ओरडलो, "झोपा काढायला ठेवलंय का तुम्हाला?" मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि किल्ल्या साहेबांच्या हातात दिल्या.

ताई, किती फिरवून फिरवून लिहू? मीच होतो तो.

गंज खरवडायचा तारेचा ब्रश दुकानातून नेला होता. तिला सगळं लख्ख करून दाखवायचं, एवढंच डोक्यात. लेणं नऊला उघडतं. मामांनीच मला आधी आत सोडलं, "जा बाबा, झाडून-पुसून ठेव, बाईसाहेब खूश होतील," असं चिडवत. वीस मिनिटं जीव खाऊन घासलं. शेवाळ निघालं. पाणी मारलं, तर खाली गुळगुळीत दगड. बोटं फिरवली, नखाने चाचपलं. एक अक्षर लागेना. शेवाळाबरोबर मी दगडही खरवडला होता. घड्याळात सव्वाआठ.

मामांनी माझं नाव घेतलं असतं, तर मी त्यांना खोटं पाडलं असतं. आवाज चढवून, चारचौघांत. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण त्यांनी घेतलंच नाही, आणि आता भांडायला समोर कोणी नाही.

साहेब आज अकरापर्यंत लेण्यावर आहेत. तीही असेल. तिच्यासमोरच सांगणार आहे. ती पुन्हा माझं तोंड बघणार नाही. मागे तुला लिहिलं होतं ना, तिला विचारणार आहे म्हणून? ते राहू दे.

हे पोचेपर्यंत तुला घरून कळलेलं असेल. तरी माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहिलं. आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "एवढ्या सकाळी कुठे?" "मामांना घेऊन लेण्यावर जाऊन येतो" म्हणालो. पत्र खिशात घालतो, वाटेत पेटीत टाकेन. निघालो. दार बाहेरून ओढून घेईन.

तुझा,
धाकटा