वीस नखं, चोवीस दिवस

९ नोव्हें., रवि.
आणलं एकदाचं. देऊळघाटला मेहुण्याच्या शेतातून, मफलरमध्ये गुंडाळून, मोटारसायकलवर. रघू सकाळी सातपासून फोन करत होता. "भाऊजी, वीसनख्या हाये. चार जनायनं सांगून ठेवलं. आज नाही नेलं तं उद्या दिसनार नाही." मी स्वतः मोजली. चारही पायांना पाच-पाच. असलं कुत्रं मालकाला सोडत नाही म्हणतात. चोवीस दिवसांचं आहे, लटपटतं, पण डोळे चांगले. उचललं तेव्हा त्याची आई भुंकली नाही. बांधापर्यंत मागे मागे आली फक्त.

कमलच्या मांडीवर ठेवलं. "हाव," म्हणाली. फेब्रुवारीत लकवा मारला तेव्हापासून तोंडात 'हो'चा हा एवढा एकच शब्द उरलाय. चहा देऊ? हाव. नको का? हाव. फिजिओ मॅडम म्हणाल्या होत्या, उजव्या हाताला तिच्या आवडीचं काम द्या. रबरी चेंडू तिला आवडत नाही. तो ती डाव्या हाताने फेकून मारते, मलाच. माहेरी कुत्र्यांत वाढलेली बाई. म्हणून हा उपद्व्याप.

१० नोव्हें.
५.५० मुतलं. पेपरच्या शेजारी.
६.२० परत. माझ्या चपलेत.
६.३५ परत. एवढंसं पोट, टाकी केवढी.
एसटीत होतो तेव्हा वेळापत्रक पाळलं, आता हे पाळतो.

बशीतलं दूध पिता येत नाही, नाक बुडवून शिंकतं. कापसाच्या बोळ्याने पाजलं. म्हशीचं, दाट, गवळ्याला दम देऊन बिनपाण्याचं घेतलं. बाळसं धरलं पाहिजे. नाव ठेवलेलं नाही, ते कमलने ठेवायचं. तोवर 'कंडक्टर'. तो ओरडला की मी असेन तिथे थांबायचं.

१२ नोव्हें.
चावतं. पायजमा, चादर, चार्जरची वायर, मी. नाकावर टिचकी मारली तर आणखी जोरात चावलं. "बस" म्हटलं की उठतं.

दुपारी कमलच्या उजव्या हाताची करंगळी तोंडात धरली. दात म्हणजे सुया. तिने हात मागे घेतला.

परत लिहितो. हात मागे घेतला. उजवा. वीतभर.

मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. कुणाला सांगायचं नाही.

१४ नोव्हें.
फिजिओ मॅडमना सांगितलं. त्यांनी कमलची बोटं एकेक दाबून पाहिली. "ही सुरुवात आहे काका. पण वर्षाच्या आत जे येईल ते येईल. नंतर फार आशा धरू नका." म्हणजे फेब्रुवारी. तीन महिने उरले.

रोज दोन वेळा पिल्लू मांडीवर. पाठीवरून हात फिरवायचा. फिरत नाही, घसरतो. पण घसरला की ती डाव्या हाताने उचलून परत ठेवते. गेल्या आठवड्यापर्यंत त्या हाताकडे बघायलाही तयार नव्हती. शेजाऱ्याचा हात अंथरुणात येऊन पडल्यासारखा बाजूला सारायची.

१५ नोव्हें.
पेपरवर मुतलं. बरोब्बर मधोमध. कमल हसली. हसताना तोंड एकीकडे जातं, जाऊ दे. नऊ महिन्यांत या घरात कुणी हसलं नव्हतं, मी धरून.

१६ नोव्हें., रवि.
सकाळपासून पातळ. चारदा. पिवळं. दूध कमी पडलं की जास्त झालं? जायफळ उगाळून चाटवलं, पोरांना द्यायचो तसं. संध्याकाळी ओरडेना. ओरडत नाही तेव्हा जास्त भीती वाटते. कमल सारखी पेपराकडे बघत होती. मी पेपर बदलत राहिलो, ती बघायच्या आत.

१७ नोव्हें.
जनावरांचा दवाखाना. डॉक्टर तरुण, पण नजर पक्की.
"किती दिवसांचं आहे?"
"दीड महिन्याचं," मी म्हटलं. का खोटं बोललो कोण जाणे.
त्यांनी जबडा उघडून दात पाहिले, मग मला पाहिलं. "काका, खरं सांगा."
"चोवीस दिवसाचं उचललं. आज बत्तीस."
"एवढी घाई काऊन?"
"वीसनख्या होता."
"नखं मोजले, दिवस नाही मोजले," ते म्हणाले. हसले नाहीत. रांगेत म्हैस घेऊन उभा असलेला माणूस मात्र हसला.

कातडीखाली सलाइन, जंताचं औषध, ड्रॉपर. म्हशीचं दाट दूध आजपासून बंद, त्यानेच पोट गेलं. मी बाळसं धरायला पाजत होतो. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

निघताना म्हणाले, आई पाजते का अजून? बाकीची पाच पितात, म्हटलं. "मग पंधरा दिवस तिच्याजवळ ठेवा. इथं ठेवलं तर मी काही सांगू शकत नाही. तिथंही ती जवळ घेईलच असं नाही. पण संधी तिथंच आहे."

घरी आलो. कमलला फक्त ड्रॉपर दाखवला.

१८ नोव्हें.
पावडरचं दूध, ड्रॉपरने. ओकलं. परत दिलं. ओकलं.

रघूला म्हटलं, कुत्रीच इकडे आण पिल्लांसकट. "भाऊजी, तिले गाडीत कोन घालते? मले बी चावते ते. आन तुरीत रानडुकरं येऊन राह्यले, रातच्याले कोन भुकीन?" मग म्हटलं कमललाच तिकडे ठेवू पंधरा दिवस. नाल्याच्या पुढे ऑटो जात नाही, अर्धा कोस पायी. हिला संडासापर्यंतची वाटही चार कोसांची वाटते. शेतात टिनाची खोली, पाणी विहिरीवर. नाही जमत. सगळीकडून नाहीच.

ठेवलं तर मरेल, तिच्या मांडीवर. नेलं तर ती मरेल असं नाही, पण तोंड भिंतीकडे करील, मार्च-एप्रिलमध्ये केलं होतं तसं. तेव्हा चाळीस-पन्नास दिवस मी भिंतीशीच बोलत होतो. देवाला हात जोडून विचारलं, मी कुणाचं काय वाईट केलं होतं. त्याचंही तोंड भिंतीकडेच असावं.

१९ नोव्हें.
नेऊन सोडलं.

कसं ते लिहितो, नाहीतर आतच राहील. सकाळी कमलला समोर बसवून सांगितलं. आजारी आहे, आईकडे नेतो, पंधरा दिवसांत आणतो. "हाव," म्हणाली. मला वाटलं समजली. पिल्लू तिच्या मांडीवर पडलेलं, मान टाकून. मी मफलर पसरला आणि उचलायला गेलो तर येईना. वाटलं नख अडकलं लुगड्यात.

तिने धरलं होतं. उजव्या हाताने. चार बोटं मानेमागच्या कातड्यात रुतलेली, अंगठा वरून. मूठ. फेब्रुवारीपासून ज्या मुठीसाठी तेल चोळलं, चेंडू आणले, नवस बोललो, ती मूठ. पिल्लू कण्हलं बारीक. आणि ती "हाव हाव हाव" करत होती, मान नाही नाही अशी हलवत.

मी ती बोटं सोडवली. एकेक करून. करंगळी आधी. जोर लावावा लागला. त्या हाताशी कधी जोर लावावा लागेल असं वाटलं नव्हतं.

सव्वीस वर्षं एसटी चालवली. राजूर घाट धुक्यात उतरवताना हात कधी हलले नाहीत. आज देऊळघाटच्या सरळ रस्त्यावर दोनदा गाडी बाजूला घेतली.

कुत्रीने हुंगलं आणि उठून दुसरीकडे बसली. रघू म्हणाला, "घेईन, घेईन. माणसाचा वास हाये अंगाले. तुमी जा." पाच पिल्लं गुबगुबीत, हा त्यांच्या निम्मा.

२० नोव्हें.
भिंत.
फिजिओ मॅडम आल्या. कमलने उजवा हात अंगाखाली घातला. मी सांगितलं, काल मूठ वळली होती. मॅडम म्हणाल्या, "कशावर?"
जेवण अर्धी पोळी. मी हात लावला की अंग चोरते.

२१ नोव्हें.
रघूचा फोन. "गुरकावली नाही. पन पाजत बी नाही. मी धरून लावलं तोंडाले, दोन घोट पेला असंन." दोन घोट. तेवढंच कमलला दोनदा सांगितलं, भिंतीला ऐकू जाईल असं. पापणी हलली की नाही कळलं नाही.

आपल्याला वाटतं आपण संसार हाकतोय. एक वीतभर कुत्रं नीट वाढवता येत नाही, मी कसला हाकणारा.

२२ नोव्हें.
फोन नाही. मी केला, लागला नाही. शेतात रेंज नसते. दिवसभर पेपरच्या घड्या घालत बसलो, कोपऱ्यात अंथरायला. कशाला, माहीत नाही.

२३ नोव्हें., रवि.
तीन वाजता रघू. इंजिनाने माझे कान गेलेत, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर असतो.
"भाऊजी, ताई जवळ हाये काय?"
"हाये."
"मंग जरा भाईर या."
कमल भिंतीकडून वळली. चार दिवसांत पहिल्यांदा. माझ्याकडे नाही, फोनकडे बघत होती. मी आवाज कमी करायला बोट नेलं आणि थांबलो. नेताना तिला विचारलं नव्हतं, आणतानाही नव्हतं.
"इथंच बोल रघू. ते ऐकून राह्यली."
मागे कुत्री भुंकत होती. मग म्हणाला, "असं करतो, मीच येतो घरी. येऊन सांगतो." आणि ठेवला. मूर्ख माणूस.

आता चार वाजून दहा. कमलला उशा लावून बसवलं, दाराकडे तोंड करून. गल्लीत एक मोटारसायकल आली, ती पुढे गेली. मी म्हटलं, मी कोपऱ्यावर जाऊन बघतो आधी, तू थांब. तिने माझी बाही धरली. डाव्या, चांगल्या हाताने. घट्ट. मला आधी कळू देणार नाही ती.

बसलोय तिच्या शेजारी. वही मांडीवर. रघू येईल तेव्हा येईल, आणील ते आणील. बाही तिच्या हातात आहे. या वेळी बोटं सोडवणार नाही.